समुद्रावरील रडार व व्हीएचएफचा पल्ला: हवामानाच्या मासिक सरासरीवरून काढलेला अंदाज प्रत्यक्षाशी का जुळत नाही?

प्रश्न (तटदर्शी)

नमस्कार. किनाऱ्यावर उभारायच्या एका निरीक्षण केंद्रासाठी रडार व व्हीएचएफ रेडिओ यांचा अपेक्षित पल्ला ठरवण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. रडार एक्स-बँडचे, म्हणजे सुमारे ९.४ गिगाहर्ट्झचे असून त्याचा अँटेना समुद्रसपाटीपासून ३० मीटर उंचीवर बसेल. ३ गिगाहर्ट्झच्या एस-बँडचा पर्यायही अजून खुला आहे. व्हीएचएफचा अँटेना १०० मीटर उंचीच्या टेकडीवर असेल आणि त्यावरून १५६ ते १६२ मेगाहर्ट्झच्या सागरी पट्ट्यातील संभाषण व जहाजांचे एआयएस संदेश (जहाजाची ओळख व स्थान आपोआप कळवणारे) घेतले जातील.

मी ‘ईआरए५’ या पुनर्विश्लेषणातून (जुनी निरीक्षणे व संगणकीय प्रतिमान जुळवून तयार केलेल्या हवामानाच्या जागतिक माहितीसंचातून) दहा वर्षांची मासिक सरासरी घेतली. निरनिराळ्या दाबपातळ्यांवरील तापमान, आर्द्रता व दाब यांवरून अपवर्तनीयता (हवा रेडिओलहरींना किती वाकवते ते ठरवणारी राशी), म्हणजे ‘एन’, काढली आणि उंचीनुसार ती किती घटते ते पाहिले. बाराही महिन्यांत ही घट दर किलोमीटरला ४० ते ८० एककांच्या दरम्यान आली. त्यावरून वातावरण जवळजवळ प्रमाण स्थितीत आहे असे धरून मी पृथ्वीची त्रिज्या ४/३ पट घेण्याचे नेहमीचे सूत्र वापरले. ९ मीटर उंचीच्या लक्ष्यासाठी रडारचा पल्ला सुमारे ३५ किलोमीटर आला आणि २५ मीटर उंचीवर अँटेना असलेल्या जहाजाशी व्हीएचएफचा पल्ला सुमारे ६२ किलोमीटर आला.

अडचण अशी की, त्याच किनाऱ्यावरील जुने रडार चालवणारे लोक वेगळेच सांगतात. काही रात्री याच्या दुप्पट अंतरावरील जहाजे स्वच्छ दिसतात, तर काही पहाटे जवळच्या लहान बोटीही पडद्यावरून नाहीशा होतात. एआयएसच्या जुन्या नोंदींत तर ३०० किलोमीटरवरील जहाजांचे संदेशही सापडतात. माझ्या गणितात असे काहीच दिसत नाही. माझी चूक माहितीच्या निवडीत आहे की ती वापरण्याच्या पद्धतीत? आणि ज्यांना यावरून खरेदीचा निर्णय घ्यायचा आहे, त्यांच्यापुढे हे आकडे कोणत्या रूपात मांडावेत?

उत्तर १ (वायुमंडल_अभ्यासक)

चूक दोन्हींत आहे, पण पद्धतीतली अधिक गंभीर आहे. आपण आधी हवामानाची सरासरी काढली आणि मग त्या सरासरी हवेतून लहरी सोडल्या. वास्तविक, प्रत्येक वेळच्या हवेतून लहरी स्वतंत्रपणे सोडून त्यानंतर पल्ल्यांची सांख्यिकी काढायला हवी. हा क्रम उलटला की नेमकी तीच हवा पुसली जाते जिच्यासाठी आपण हा सगळा खटाटोप करत आहात.

एक कल्पित उदाहरण घ्या. महिन्यातील १० दिवस तळाच्या थरात ‘एन’ दर किलोमीटरला ३०० एककांनी घटते आणि उरलेले २० दिवस ४० एककांनी. सरासरी घट सुमारे १२७ येते. लहरींचा मार्ग पृथ्वीच्या वक्रतेइतका किंवा त्याहून अधिक वाकण्यासाठी, म्हणजेच डक्ट (लहरींना अडकवून दूरवर नेणारा हवेचा थर) तयार होण्यासाठी, ही घट १५७ च्या पुढे जावी लागते. म्हणजे महिन्याचा तिसरा हिस्सा डक्ट असूनही सरासरीवरून मात्र डक्ट अजिबात नाही असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात परिस्थिती याहून बिकट असते, कारण हा थर रोज एकाच उंचीवर नसतो. आज तो १०० मीटरवर आणि उद्या ४०० मीटरवर असेल, तर सरासरीच्या आलेखात दोन्हीकडच्या तीव्र घटी एकमेकींत मिसळून एक गुळगुळीत रेष तेवढी उरते, आणि तशी हवा त्या महिन्यातील एकाही दिवशी नसते.

आता माहितीच्या निवडीविषयी. दाबपातळ्यांवरील माहितीत १००० व ९७५ हेक्टोपास्कल या पातळ्यांमध्ये सुमारे २२० मीटरचे अंतर असते. समुद्रावर महत्त्वाचे बरेचसे थर या एका फटीत मावून जातात, त्यामुळे ते आपल्याला दिसणारच नव्हते. ‘ईआरए५’च्या मूळ १३७ प्रतिमान-स्तरांपैकी दहाहून अधिक स्तर तळाच्या ५०० मीटरमध्ये आहेत, ते तासागणिक घ्यावेत. त्याच संचात डक्टच्या तळाची उंची, लहरी अडकवणाऱ्या थराचा माथा व त्यातील अपवर्तनीयतेची घट ही तयार चलेही दिलेली आहेत. पहिल्या चाळणीसाठी ती पुरेशी ठरतात.

मात्र प्रतिमान-स्तरही एका गोष्टीला पुरे पडत नाहीत, ती म्हणजे बाष्पीभवन डक्ट. समुद्राच्या पृष्ठभागाला टेकलेली हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते आणि काही मीटर वर जाताच ती झपाट्याने कोरडी होते. समजा, पाण्याचे तापमान २९ अंश आहे, तर १० मीटरवरील हवेचे २८ अंश असून तिची सापेक्ष आर्द्रता ८० टक्के आहे. पाण्यालगत बाष्पदाब सुमारे ३९ हेक्टोपास्कल असतो (खाऱ्या पाण्यावर तो गोड्या पाण्यापेक्षा सुमारे २ टक्क्यांनी कमी धरतात) आणि १० मीटरवर तो ३० असतो. या तापमानाला बाष्पदाबातील १ हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे सुमारे ४ एकके, तर तापमानातील १ अंशाचा फरक म्हणजे दोनाहूनही कमी. म्हणजे अवघ्या १० मीटरमध्ये ‘एन’ सुमारे ३५ एककांनी घटते. पृथ्वीच्या वक्रतेची भरपाई करायला तेवढ्या उंचीत १.६ एकके पुरेशी असतात. यातली बहुतेक घट पहिल्या एक-दोन मीटरमध्येच होते आणि वर जाताना ती मंदावते. ज्या उंचीवर ती दर मीटरला ०.१५७ एककांवर येते, तिला बाष्पीभवन डक्टची उंची म्हणतात. जगभरातील समुद्रांवर ती शून्य ते ४० मीटरच्या दरम्यान असून तिची सरासरी सुमारे १३ मीटर आहे. उष्ण समुद्रांवर जास्त, थंड समुद्रांवर कमी.

‘ईआरए५’चा सर्वांत खालचा स्तर १० मीटरच्या आसपास असल्याने ही सूक्ष्म रचना त्यात उमटत नाही. ती पाण्याचे तापमान, हवेचे तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग व दाब या पाच राशींवरून पृष्ठस्तराच्या सिद्धांताने, म्हणजे मोनिन-ओबुखोव्ह पद्धतीच्या प्रतिमानाने, काढावी लागते. पॉलस-जेस्के हे त्यांपैकी जुने व परिचित प्रतिमान आहे. असा काढलेला तळाचा आलेख वरच्या स्तरांच्या आलेखाला जोडायचा आणि तो संयुक्त आलेख पॅराबोलिक समीकरणाने लहरींचे प्रसारण काढणाऱ्या प्रणालीत घालायचा. दहा वर्षांच्या प्रत्येक तासासाठी हे करणे जड वाटत असेल, तर दर तिसरा तास घ्या. त्याने सांख्यिकीत फारसा फरक पडत नाही. पण रात्री गाळून फक्त दुपार घेणे मात्र चालणार नाही.

कोणती लहर कोणत्या डक्टमध्ये अडकते याचा ढोबळ हिशेब असा: ३६० या संख्येला डक्टच्या मीटरमधील उंचीच्या दीड घाताने भागले की, अडकू शकणारी किमान वारंवारता गिगाहर्ट्झमध्ये मिळते. १३ मीटरसाठी ती ७.७ गिगाहर्ट्झ येते, म्हणजे आपले एक्स-बँड रडार सरासरी बाष्पीभवन डक्टचाही लाभ घेते. ३ गिगाहर्ट्झसाठी सुमारे २४ मीटरचा डक्ट लागतो, जो सर्वत्र आणि सर्वकाळ मिळत नाही. १६० मेगाहर्ट्झसाठी मात्र सुमारे १७० मीटर! त्यामुळे एआयएसचे ३०० किलोमीटरवरील संदेश बाष्पीभवन डक्टने आलेले नाहीत, हे केवळ या भागाकारावरून सांगता येते. त्यांच्यामागे तापमान विपरीततेने (उंचीबरोबर तापमान घटण्याऐवजी वाढण्याने) तयार झालेला जाड डक्ट असला पाहिजे: जमिनीवरून आलेली कोरडी उष्ण हवा समुद्रावरील दमट हवेवर पसरली की तो बनतो. मतलई वारे वाहणाऱ्या रात्री त्यासाठी अनुकूल असतात, आणि उच्च दाबाच्या क्षेत्रात वरून खाली बसणारी हवाही हेच काम मोठ्या प्रमाणावर करते.

याचे ऐतिहासिक उदाहरण रडारच्या अभ्यासकांना परिचित आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबई येथील २०० मेगाहर्ट्झच्या रडारवर हजार मैलांहून दूर असलेल्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उन्हाळ्यात मिळत असत. वरचेच सूत्र लावले तर त्यासाठी सुमारे १५० मीटरचा डक्ट हवा, आणि मान्सूनपूर्व काळात कोरड्या हवेखाली दबलेला अरबी समुद्रावरील दमट थर तो पुरवतो. मान्सूनचे वारे सुरू झाले की हवा खोलवर घुसळली जाते आणि हा थर मोडतो. वार्षिक सरासरीत यातले काय उरेल, याचा आपणच विचार करावा.

उत्तर २ (रेडिओ_कक्ष)

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. जहाजावर अनेक वर्षे रेडिओ सांभाळल्यामुळे एका गोष्टीची भर घालावीशी वाटते. पल्ला वाढला म्हणजे कामगिरी सुधारली, असे समीकरण आपल्या अहवालात कुठेही येऊ देऊ नका.

व्हीएचएफचे सागरी संभाषण एफएम पद्धतीचे असते आणि एफएमच्या ग्राहकात दोन संकेतांपैकी प्रबळ संकेत दुर्बळाला दाबून टाकतो. डक्ट असलेल्या रात्री दूरच्या किनारी केंद्राचा शक्तिशाली संकेत १६ क्रमांकाच्या (संकटाच्या हाकेच्या) वाहिनीवर असा काही येतो की, जवळच्याच होडीतून हातातल्या संचावर कोणी बोलत असेल तर ते ऐकूही येत नाही. मी हे एकदा नव्हे, अनेकदा अनुभवले आहे. एआयएसचेही तसेच. त्याच्या प्रत्येक वाहिनीवर मिनिटाला संदेश पाठवण्याचे २२५० कालखंड असतात आणि परस्परांच्या टापूतील जहाजे ते आपसांत वाटून घेतात. हा टापू अचानक शेकडो किलोमीटर पसरला की एकाच कालखंडावर अनेक जहाजांचा दावा येऊन काही संदेश वाया जातात. पडद्यावर दूरची जहाजे दिसू लागतात तेव्हाच जवळचे एखादे निसटू शकते.

रडारचा धोका वेगळ्या प्रकारचा आहे. स्पंदांची आवृत्ती सेकंदाला १००० असेल, तर निःसंदिग्ध पल्ला १५० किलोमीटर होतो. डक्टमुळे १७० किलोमीटरवरील डोंगराचा प्रतिध्वनी आला, तर तो पुढच्या स्पंदाचा समजला जाऊन पडद्यावर २० किलोमीटरवर उमटतो, जिथे प्रत्यक्षात मोकळा समुद्र असतो. स्पंदांमधील अंतर थोडे थोडे बदलत ठेवणाऱ्या रडारांत असे खोटे प्रतिध्वनी विखुरले जातात. म्हणून खरेदीच्या अटींत ही सोय आहे की नाही, हे आवर्जून पाहावे.

पहाटे लहान बोटी नाहीशा होण्याविषयी: उबदार दमट हवा तुलनेने थंड पाण्यावर आली की कित्येकदा ‘एन’ उंचीबरोबर घटण्याऐवजी वाढते, लहरी वर वळतात आणि क्षितिज जवळ येते. धुकेही बहुधा अशाच हवेत पडते. डोळ्यांना दिसेनासे होते त्याच वेळी रडारही आखूड होते, हा योग मोठा दुर्दैवी आहे. म्हणून अशा तासांची टक्केवारी मला डक्टच्या टक्केवारीहून महत्त्वाची वाटते.

तटदर्शी

दोन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. भागाकाराचे सूत्र वाचल्यावर एक शंका आली. आमचा रडारचा अँटेना ३० मीटरवर आहे आणि बाष्पीभवन डक्टची सरासरी उंची १३ मीटर. मग अँटेना डक्टच्या बाहेरच राहिला. त्याला लाभ कसा मिळेल? अँटेना खाली आणावा का? दुसरे असे की, एक्स-बँड व एस-बँड यांची निवड केवळ डक्टवरून करावी का?

उत्तर ३ (तरंगवेध)

पहिल्या शंकेविषयी: डक्टच्या उंचीला छप्पर समजू नये. ती थराच्या सामर्थ्याचे माप आहे. तिथे भिंत नसते. अडकलेल्या लहरींचे क्षेत्र त्या उंचीच्या वरही बरेच पसरलेले असते, त्यामुळे ३० मीटरवरील अँटेनालाही लाभ होतो. अगदी खालच्या अँटेनाला होतो तेवढा मात्र होत नाही. उलट अँटेना खाली आणला, तर डक्ट नसलेल्या दिवशी क्षितिज जवळ येईल. वाईट दिवस सांभाळणे हे निरीक्षण केंद्राचे पहिले काम असल्याने मी तरी अँटेना हलवणार नाही.

दुसऱ्या शंकेचे उत्तर ‘नाही’ असे आहे, कारण पावसाचा हिशेब अजून झालेलाच नाही. तासाला ५० मिलिमीटर दराच्या पावसात १० गिगाहर्ट्झच्या लहरीची किलोमीटरमागे सुमारे १.७ डेसिबेल हानी होते, तर ३ गिगाहर्ट्झला तीच ०.०२ डेसिबेलपेक्षाही कमी असते. पावसाचा असा पट्टा ५ किलोमीटर रुंद असेल, तर जाऊन-येऊन एक्स-बँडचे १७ डेसिबेल जातात आणि एस-बँडला त्याची जाणीवही होत नाही. शिवाय थेंबांकडून परत येणारा प्रतिध्वनी वारंवारतेच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे या दोन पट्ट्यांत सुमारे ९६ पट फरक पडतो. त्या गर्दीत लहान बोट शोधणे किती कठीण असते, ते वेगळे सांगायला नको.

आणि इथेही सरासरीचा तोच सापळा आहे. महिन्याचा एकूण पाऊस ३०० मिलिमीटर आहे, एवढ्यावरून काहीच कळत नाही. तो झिमझिम पडत राहिला असेल तर एक्स-बँडची फारशी अडचण होत नाही. तोच मोजक्या सरींत कोसळला असेल तर त्या सरींपुरते रडार आंधळे होते. आपल्याला मिनिटागणिक पर्जन्यदराची वितरण-सांख्यिकी हवी. ‘ईआरए५’ची जाळी सुमारे ३१ किलोमीटरची असल्याने त्यात सरीची तीव्रता पसरून बोथट होते. त्यापेक्षा आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या) पी.८३७ या शिफारशीतील पर्जन्यदराचे नकाशे घ्यावेत आणि जवळच्या स्वयंचलित पर्जन्यमापकाच्या नोंदींशी ते ताडून पाहावेत. लहरींच्या हानीसाठी पी.८३८ आहेच.

वाऱ्याच्या नोंदीही टाकून देऊ नका. लाटांकडून येणारे प्रतिध्वनी वाऱ्याबरोबर वाढतात, आणि डक्ट असेल तर दूरच्या लाटाही पडद्यावर येतात. दुसरीकडे, फार खडबडीत झालेला पृष्ठभाग लहरी विखुरतो आणि डक्टचा लाभही कमी करतो. म्हणून वारा, डक्ट व पाऊस यांची तीन स्वतंत्र कोष्टके करून नंतर त्यांचा गुणाकार करू नये. तिन्हींच्या नोंदी एकाच तासाच्या एकत्र घ्याव्यात, कारण त्या परस्परांपासून स्वतंत्र नाहीत.

निर्णय घेणाऱ्यांपुढे एकच पल्ला न मांडता, ठरावीक लक्ष्य ठरावीक अंतरावर किती टक्के तास दिसेल ते मांडावे. ‘९ मीटरचे लक्ष्य ३० किलोमीटरवर जुलै महिन्यातील इतके टक्के तास’ असे वाक्य कोणालाही समजते आणि दोन पट्ट्यांची तुलनाही त्यावरून सरळ होते. ऋतू आणि दिवसाचा प्रहर यांनुसार कोष्टक वेगळे काढावे. एचएफ व मध्यम लहरींच्या संचांसाठी मात्र यातले काहीच वापरू नये. एचएफचा दूरचा पल्ला आयनांबरावर व सूर्याच्या सक्रियतेवर ठरतो, आणि ५१८ किलोहर्ट्झच्या नॅव्हटेक्ससारख्या (जहाजांना सुरक्षिततेच्या सूचना व हवामान कळवणाऱ्या) सेवांना खाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता उपयोगी पडते.

उत्तर ४ (वायुमंडल_अभ्यासक)

एक राहून गेले. पुनर्विश्लेषणाच्या पडताळणीसाठी आपण जहाजांच्या निरीक्षणांकडे वळाल, आणि वळावेच. ‘आयकोड्स’ या सागरी निरीक्षणांच्या आंतरराष्ट्रीय संचात १६६२ पासूनच्या नोंदी आहेत. पण दुपारच्या नोंदींबाबत सावध राहा. उन्हाने तापलेल्या डेकवरील तापमापक हवा असते त्यापेक्षा गरम दाखवतो, त्यामुळे हवा पाण्यापेक्षा उबदार असल्याचा आभास होतो आणि बाष्पीभवन डक्टची प्रतिमाने अशा स्थितीत अवास्तव मोठी उंची देतात. पॉलस यांनी १९८५ मध्ये यासाठीच दुरुस्ती सुचवली होती. ती आपल्या प्रणालीत चालू आहे की नाही ते तपासावे. रेडिओसोंडचा (हवामानाची मापे घेत वर जाणाऱ्या उपकरणाचा) फुगा सेकंदाला सुमारे ५ मीटर वेगाने चढतो. तळाचे २० मीटर तो चार सेकंदांत ओलांडतो, म्हणून बाष्पीभवन डक्टसाठी त्याचा उपयोग नाही, परंतु विपरीततेच्या थरांसाठी तो उत्तम साक्षीदार आहे. अर्थात तो किनाऱ्यावरून सोडलेला असतो आणि तिथली हवा ५० किलोमीटर आतल्या समुद्रावरील हवेपेक्षा निराळी असू शकते, हे ध्यानात ठेवूनच.

सर्वांत स्वस्त साक्षीदार मात्र आपल्याकडे आधीपासूनच आहे. एआयएसच्या जुन्या नोंदींतून प्रत्येक तासाचा सर्वांत दूरचा संदेश काढा आणि तो त्याच तासाच्या प्रतिमान-स्तरांवरून काढलेल्या डक्टच्या जाडीसमोर मांडा. ३०० किलोमीटरच्या रात्री १७० मीटरहून जाड डक्टच्या निघाल्या, तर आपली पद्धत मार्गावर आहे. निघाल्या नाहीत, तर आधी वेळेचा घोळ तपासा. ‘ईआरए५’ जागतिक प्रमाणवेळेत असते आणि केंद्रांच्या नोंदवह्या बहुधा स्थानिक वेळेत. या एका कारणाने मी स्वतः दोन आठवडे भलत्याच ठिकाणी चूक शोधत बसलो होतो.